फिनिक्सच्या उपनगरात घर घेताना वस्ती कशी ओळखायची? (चँडलर, गिल्बर्ट, क्वीन क्रीक, मॅरिकोपा)

ओसरी
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही कोलंबसहून फिनिक्सला येतोय. नवऱ्याचं ऑफिस दक्षिण चँडलरला, माझं काम घरून. लेक सहावीत जाईल. थंडीत सासूसासरे सोलापूरहून येऊन राहतील, म्हणून तळमजल्यावर एक बेडरूम आणि पूर्ण बाथरूम हवीच. बजेटमध्ये चँडलर-गिल्बर्टची वीसेक वर्षं जुनी घरं बसतात, नाहीतर क्वीन क्रीक आणि सॅन टॅन व्हॅलीतली नवीकोरी. मॅरिकोपात तर तेवढ्यात पूलसकट मिळतंय.
फोटो बघून बघून डोकं गरगरायला लागलं. सगळीकडे तोच तपकिरी स्टको, तीच कौलं, तेच खडी टाकलेलं अंगण. एक वस्ती दुसरीपासून वेगळी कशी काढायची? शाळांची रेटिंग आणि गुन्ह्यांचे नकाशे बघून झालेत. तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचंय. आणि हो, सासरेबुवांची अट आहे: दार पूर्वेला.

निवडुंग
शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण इथे तीच महागात पडते.
दार पूर्वेला म्हणजे बॅकयार्ड पश्चिमेला. इथल्या घरांची सगळी मोठी काच मागच्या बाजूला असते: फॅमिली रूम, जेवायची जागा, पॅटिओचं सरकतं दार, बऱ्याचदा मास्टर बेडरूमही. जून-जुलैत दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे साडेसात उलटून जाईपर्यंत, ऊन आडवं आत घुसतं. पॅटिओचं छत काही कामाचं नाही, सूर्य छताच्या खालून येतो. नेमकी हीच वेळ विजेच्या चढ्या दराची. इथे वीज देणाऱ्या दोन मोठ्या संस्था, एपीएस आणि एसआरपी. एपीएसच्या टाइम-ऑफ-यूज (वेळेप्रमाणे दर) प्लॅनमध्ये आठवड्याच्या दिवसांत संध्याकाळी ४ ते ७ महाग. एसआरपीचे प्लॅन वेगळे, पण दुखणं तेच.
घर उत्तर-दक्षिण बघा. इथल्या जाहिरातींत 'नॉर्थ-साउथ एक्स्पोजर' हे मुद्दाम लिहितात, ते उगाच नाही. दार उत्तरेला आणि अंगण दक्षिणेला असेल तर जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ ८० अंशांवर, बेताचा छज्जासुद्धा दक्षिणेची काच सावलीत ठेवतो. डिसेंबरात तोच सूर्य ३३ अंशांवर उतरतो, ऊन घरात येतं, सासूबाईंना पॅटिओवर बसून शेंगा सोलता येतील. वास्तुवाल्यांना उत्तर चालते. बोलणी तिथून सुरू करा.
आता गंमत ऐका. पश्चिमेला दार असलेलं घर आपली माणसं बघायलाही जात नाहीत. पण त्या घरात पश्चिमेचं ऊन अंगावर घेतं ते गॅरेज, आणि बॅकयार्ड संध्याकाळी घराच्याच सावलीत. पोरं सहा वाजता मागे खेळू शकतात. आपल्या लोकांची मागणी कमी असल्याने भावातही थोडं झुकतं माप मिळतं. मी असंच घेतलं, वडिलांना अजून पटलेलं नाही.

कैरी
पश्चिम दाराचं एवढं कौतुक नको हो. गॅरेज भट्टी होतं. तिथे दुसरा फ्रीज ठेवायचा बेत असेल तर विसरा, आमचा दुसऱ्याच उन्हाळ्यात आडवा झाला. पुढच्या दाराचं लाकूड दर दोन वर्षांनी पॉलिश करावं लागतं. बाकी निवडुंग यांचं बरोबर आहे. दुपारी तीनपर्यंत घर ७४ फॅरनहाइटला गार करून ठेवायचं आणि चारला थर्मोस्टॅट ८० वर न्यायचा, हे इथलं घराघरातलं गणित. पश्चिमेला काच असली की हे गणित पाच वाजताच मोडतं.

घाटमाथा
घर बघायला कधी येताय? फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ नका एवढंच सांगेन. तेव्हा संत्र्याचा मोहोर, ७५ डिग्री, सगळं गाव स्वर्ग वाटतं. कुठलीही वस्ती तेव्हा चांगलीच दिसते.
जुलैत या. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० डिग्री फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेलं होतं, २०२४ मध्ये सलग ११३ दिवस शंभरी होती. सोलापूरकरांना ४३ सेल्सिअस नवीन नाही, पण रात्री नऊ वाजताही शंभरच्या आसपास असणं नवीन असेल. संध्याकाळी साडेपाचला वस्तीत गाडी लावा आणि पायी एक फेरी मारा. फुटपाथवर सावली आहे का? झाडं मोठी आहेत की काठीला बांधलेली रोपं? चँडलर-गिल्बर्टच्या जुन्या वस्त्यांत मेस्किट, पालो व्हर्डे, अॅश वीस वर्षांचे आहेत आणि एक पूर्ण बाजू सावलीत असते. नवीन कॉलनीत पहिली दहा वर्षं खडी, भिंत आणि आकाश. मुलीला शाळेतून चालत यायचं असेल तर हा फरक कुठल्याच रेटिंगमध्ये दिसत नाही.

पाटाचंपाणी
मी पाण्यावर बोलतो, कारण बाकी सगळे एसीवर बोलतील.
अॅरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे. फिनिक्स पट्ट्यात नवीन सबडिव्हिजन (प्लॉट पाडलेली कॉलनी) विकायची तर १०० वर्षं पुरेल इतकं पाणी आहे हे आधी दाखवावं लागतं. चँडलर, गिल्बर्ट, मेसा या शहरांकडे सॉल्ट नदीचं पाणी (एसआरपीकडून, ते वीज आणि पाणी दोन्ही देतात) आणि कोलोरॅडोचं पाणी (सेंट्रल अॅरिझोना प्रोजेक्टच्या कालव्यातून) दोन्ही येतं, शिवाय सांडपाणी शुद्ध करून परत वापरतात. तिथे घर घेताना झोप उडवायचं कारण नाही. बिल वाढत राहील, ते सगळीकडेच.
कडेच्या भागात प्रश्न आहे. जून २०२३ मध्ये राज्याने आपलं भूजल मॉडेल जाहीर केलं: १०० वर्षांत मागणीच्या सुमारे ४ टक्के पाणी कमी पडेल. त्यानंतर फक्त भूजलावर उभ्या राहणाऱ्या नवीन सबडिव्हिजनना दाखले देणं थांबवलं. क्वीन क्रीक आणि बकाय यांना हा फटका बसला. आधी मंजूर झालेले लॉट चालूच आहेत, त्यामुळे 'पाणी संपलं, फिनिक्स बंद' अशा बातम्यांनी घाबरू नका. क्वीन क्रीकने तर कोलोरॅडोकाठच्या सिबोलाचं शेतीचं पाणी विकत घेतलं आणि ते २०२३ पासून कालव्याने यायला लागलं. त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. तेव्हा कॉलनी बघताना विचारायचं ते हे: पाणी कोण देतं, शहर की खाजगी कंपनी? शहराकडे १०० वर्षांचा दाखला स्वतःचा आहे की प्रत्येक कॉलनीचा वेगळा?
आणि स्वस्तात एकराचा प्लॉट, घोडे, मोकळी हवा अशी जाहिरात दिसली तर रिओ व्हर्दे फूटहिल्स आठवा. स्कॉट्सडेलच्या शेजारी, पण हद्दीबाहेर. सहापेक्षा कमी तुकडे पाडले की कायद्याने ती सबडिव्हिजन होत नाही, मग १०० वर्षांचा दाखला लागत नाही. अशी पाचापाचाने घरं झाली. शेकडो घरांना टँकरने पाणी, तेही स्कॉट्सडेलच्या नळावरून भरलेलं. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने ते बंद केलं. घरं लाखो डॉलरची, आणि लोक भांडी कागदाची वापरायला लागले.

कैरी
टँकर म्हटल्यावर सासरेबुवा म्हणतील, मग सोलापूर काय वाईट होतं 🙂

भरदुपारी
सॅन टॅन व्हॅलीत राहतो, त्यामुळे आमची बाजू मांडायलाच हवी. चँडलरवाल्यांना वाटतं लूप २०२ हायवेच्या पलीकडे जग संपतं. आमच्याकडे त्याच पैशात खाली पाहुण्यांची खोली, तीन गाड्यांचं गॅरेज आणि नवीन एसी मिळतो. शेजारी सगळे त्याच वयाचे, गणपतीत गल्लीत पंधरा मराठी घरं.
पण खरं तेही सांगतो. सकाळी बाहेर पडायला रस्ते मोजके. नवऱ्याच्या ऑफिसला नकाशावर वीस-बावीस मैल दिसतील, वेळ सकाळी सातला विचारा, रविवारी नाही. आमची काउंटी पिनाल, फिनिक्सची मॅरिकोपा काउंटी नव्हे, त्यामुळे शेरीफ, कर, कोर्ट सगळं वेगळं. किराणा-भाजी जवळ आली आहे, मोठं हॉस्पिटल म्हटलं की गाडी काढावी लागते. आईवडील येणार असतील तर हे आधी बघा.
आणि धूळ. पुढच्या फेजचं बांधकाम चालू असेल तर वर्षभर. व्हॅली फीव्हर हा इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार आहे. बहुतेकांना कळतही नाही, पण वयस्कर माणसांना त्रास होऊ शकतो. खोकला-ताप लांबला तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारायचं. सोलापूरच्या डॉक्टरला हे सुचणार नाही, म्हणून परत गेल्यावरही सांगायला सांगा.

रेवाकाठ
मॅरिकोपाचं मी सांगते. गाव छान, घरं मोठी, भाव खरंच कमी. महागणपती मंदिर आहे तिथे, दक्षिणी पद्धतीचं, गणेशोत्सवाला अख्खं फिनिक्स लोटतं. पण गाव आणि शहर यांच्या मध्ये गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची (मूळ अमेरिकन जमातींची) जमीन, आणि जायला मुख्य रस्ता एकच, ३४७. त्यावर अपघात झाला की तुम्ही आत किंवा बाहेर, जिथे असाल तिथे. वीज तिथे एसआरपीही नाही, एपीएसही नाही, ईडी-३ नावाचा वेगळा जिल्हा आहे. हायब्रिड नोकरी असेल तर विचार करण्यासारखं आहे, रोज जायचं असेल तर आधी सोमवारी सकाळी तो रस्ता चालवून बघा.

निवडुंग
कम्युनिटीच्या जमिनीवरून आठवलं. 'मागे मोकळं आहे' हे वाक्य रिअल्टर इथे फार वापरतात. मोकळं कुणाचं, ते बघा. दक्षिण चँडलर आणि अवातुकीच्या कडेला गिला रिव्हरची जमीन आहे. तिथे बिल्डर येऊन कॉलनी टाकत नाही, काय करायचं ते ती कम्युनिटी ठरवते. पण मागे कपाशीचं किंवा घासाचं शेत असेल तर ते आज आहे. शहराच्या वेबसाइटवर झोनिंगचा नकाशा असतो. तिथे 'कमर्शियल' किंवा 'मल्टी-फॅमिली' दिसलं की तीन मजली अपार्टमेंट किंवा स्टोरेजची गोदामं येणार असं समजून चाला.

घाटमाथा
तसंच विमानांचं. पूर्वेला गेटवे विमानतळ आहे, जुना विल्यम्स हवाई तळ. १९९३ ला बंद झाला, आता प्रवासी आणि मालवाहू विमानं येतात. गिल्बर्टचा पूर्व भाग, क्वीन क्रीक आणि मेसाचं ईस्टमार्क त्याच्या जवळ. पश्चिमेकडे बघणाऱ्यांनी ल्यूक एअर फोर्स बेस लक्षात ठेवावा. एफ-३५ डोक्यावरून गेलं की फोनवर बोलणं थांबतं. (ईस्टमार्क ज्या जमिनीवर आहे तिथे जनरल मोटर्स गाड्या उन्हात तापवून तपासत असे. आता आपण स्वतःच तपासून घेतोय.)

ओसरी
बाप रे, एवढं कुठल्याच साइटवर नव्हतं. धन्यवाद! नवीन घर घ्यायचं तर बिल्डरच्या ऑफिसात नेमकं काय विचारू? आणि एचओएला (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेला) घाबरावं का?

पाटाचंपाणी
बिल्डरकडे 'पब्लिक रिपोर्ट' मागा. मागायचीही गरज नाही, सही करण्याआधी त्यांना तो द्यावाच लागतो. राज्याच्या रिअल इस्टेट खात्याच्या नियमाने बनतो. पाणी कोण देतं, पूर येतो का, विमानतळ किती लांब, आजूबाजूला काय आहे, सगळं त्यात असतं. आपली माणसं काउंटरटॉपचा रंग निवडण्यात दोन तास घालवतात आणि हा कागद 'मिळाला' म्हणून सही करून गाडीत टाकतात.
दुसरं, सीएफडी. नवीन मोठ्या वसाहतींत रस्ते आणि पाइपलाइनसाठी काढलेले रोखे फेडायला वेगळा जिल्हा असतो, त्याचा कर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात वेगळ्या ओळीने येतो. ईस्टमार्क, व्हिस्टान्सिया, व्हेराडो, सगळीकडे आहे. आजच्या बिलावर जाऊ नका, नवीन घराचं पहिलं बिल बहुतेक नुसत्या जमिनीचं असतं. शेजारच्या दोन-तीन वर्षं जुन्या घराचा पत्ता काउंटीच्या साइटवर टाका, खरा आकडा दिसेल.

कैरी
एचओए: मी बोर्डवर होते, मला विचारा. शिव्या खाऊन झाल्या आहेत.
फी किती यापेक्षा तिजोरीत किती ते बघा. रिसेल घराला एचओएने नियम, बजेट आणि राखीव निधीची माहिती द्यावी लागते, तो गठ्ठा वाचा. खाजगी रस्ते असलेल्या गेटेड वस्तीत डांबर त्यांनाच घालायचं असतं. निधी नसेल तर एक दिवस प्रत्येक घराला हजारोंचं पत्र येतं. बाकी नियम म्हणजे गवत उगवलं, कचऱ्याचा डबा दिसला, दाराला रंग कुठला. आमच्याकडे एका काकांनी दारात तुळशीवृंदावन बांधलं, सिमेंटचं, पक्कं. परवानगी आधी मागितली असती तर मिळाली असती. नंतर महिनाभर पत्रं. शेवटी मागे हलवलं.

भरदुपारी
वृंदावनासाठी खड्डा खणला असेल तर त्यांचं खास कौतुक. फूटभर खाली कॅलिची लागतो, चुनखडीचा थर, पहारेशिवाय हलत नाही. पण एकदा फोडला की शेवगा आणि कढीपत्ता काय येतो! शेवगा भिंतीवरून शेजारी जातो. कढीपत्ता मात्र जानेवारीच्या रात्री झाका.

ओसरी
बरं, आता नेमकं घर सांगते. गिल्बर्ट, २००३ चं, दुमजली, खाली खोली आणि बाथरूम आहे. दार उत्तरेला 🙂 मागे कॉलनीचं मैदान, रस्त्यापेक्षा चार-पाच फूट खोल, हिरवळ. छतावर सोलर आहे, 'बिल नगण्य' असं लिहिलंय. एसी २०११ चा. छत 'ओरिजिनल, उत्तम स्थितीत'. काय बघू?

घाटमाथा
मैदान खोल आहे कारण ते पावसाचं पाणी साठवायला केलेलं आहे, खेळ हा जोडधंदा. वर्षाला सात-साडेसात इंच पाऊस पडणारं हे गाव, पण ८ सप्टेंबर २०१४ ला एका दिवसात विमानतळावर ३.३ इंच पडला, आय-१० हायवे पाण्याखाली गेला. अशा मैदानातलं पाणी ३६ तासांत निघून जावं असा हिशेब असतो. तुमच्या मागच्या ब्लॉक वॉलच्या तळाशी बघा. पांढरी खारट पपडी, सोललेला रंग, विटेचा भुगा दिसला तर ओल तिथेच मुरते. मैदानाच्या बाजूने चालत जाऊनही दिसतं, विक्रेत्याला विचारायची गरज नाही. तिथूनच अंधार पडल्यावर ब्लॅकलाइटची (अतिनील) बॅटरी भिंतीवर मारा. बार्क विंचू हिरवट चमकतात. एखादा दिसला म्हणून घर सोडू नका, सगळी भिंत चमकली तर मात्र विचार करा.
आणखी एक. तुमच्या घराचा प्रश्न नसावा, पण चँडलर हाइट्स, क्वीन क्रीक भागात भूजल उपसल्याने जमीन खचून भेगा पडलेल्या आहेत. राज्याच्या भूगर्भ खात्याचे नकाशे मोफत बघता येतात.

निवडुंग
२००३ चं 'ओरिजिनल छत' म्हणजे कौलं उत्तम आणि खालचा कागद संपलेला. इथे काँक्रीटची कौलं पन्नास वर्षं टिकतात, पण पाणी अडवतं ते त्याखालचं अंडरलेमेंट, आणि ते उन्हाने वीस-पंचवीस वर्षांत कुरकुरीत होतं. सगळी कौलं उतरवून कागद बदलून तीच कौलं परत चढवतात, खर्च पाच आकडी. हा पैसा भावात वळता करून घ्या. २०११ चा एसीही इथल्या हिशेबाने म्हातारा. दुमजली घरात दोन युनिटं असतील, वरचं आधी जातं.
गॅरेजच्या फरशीवर कोपऱ्यात शिक्का दिसेल: पोस्ट-टेन्शन स्लॅब, कापू नये, भोक पाडू नये. आत ताणलेल्या पोलादी तारा असतात. सासऱ्यांसाठी बाथरूम वाढवायचा विचार असेल तर प्लंबरला आधी तो शिक्का दाखवा. आणि पायाच्या कडेने मातीच्या पेन्सिलएवढ्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी.

रेवाकाठ
शाळेचं राहिलं. अॅरिझोनात ओपन एन्रोलमेंट आहे, जागा असेल तर दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेतही घालता येतं, चार्टर शाळा (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्वतंत्र) वेगळ्या. तेव्हा फक्त एका शाळेच्या हद्दीसाठी वीस-तीस हजार जास्त मोजू नका. मात्र बस मिळेलच असं नाही, सोडणं-आणणं तुमच्यावर.

पाटाचंपाणी
सोलर! 'बिल नगण्य' म्हणजे पॅनेल मालकीची की लीजवर? लीज असेल तर पुढची दहा-पंधरा वर्षं दरमहा हप्ता तुमच्या गळ्यात, बऱ्याचदा दरवर्षी वाढणारा, आणि ती कंपनी तुमचं क्रेडिट तपासून मगच नावावर करणार. त्यात छताचा कागद बदलायचा म्हणजे पॅनेल काढून परत लावायची, तो खर्च कोणाचा हेही लीजमध्येच लिहिलेलं असतं. गिल्बर्ट म्हणजे एसआरपी. त्यांचे सोलरचे प्लॅन वेगळे आहेत, संध्याकाळी सगळं एकदम चालू केलं तर दंड बसावा असे काही प्लॅन आहेत. विक्रेत्याची उन्हाळ्याची, जुलै-ऑगस्टची, बिलं मागा. एप्रिलचं दाखवतील.

ओसरी
लीजच आहे! आत्ता एजंटने कळवलं. करार अजून दिलेला नाही. ऑफर मंजूर झाली तर तपासायला किती वेळ मिळतो?

निवडुंग
नेहमीच्या करारात दहा दिवस, शनिवार-रविवार धरून. लीजची प्रत ऑफरमध्येच मागा. त्या दहा दिवसांत नुसत्या होम इन्स्पेक्टरवर थांबू नका, तो छतावर चढेलच असं नाही. छतवाला, एसीवाला आणि वाळवीवाला तिघांना पहिल्या तीन-चार दिवसांतच बोलवा, कारण विक्रेत्याकडे मागण्यांचा कागद एकदाच जातो. नंतर काही आठवलं तर ती मागणी त्या कागदात घालता येत नाही. विक्रेत्याकडून विम्याच्या जुन्या क्लेमचा रिपोर्टही घ्या, पाणी गळल्याचा क्लेम असला तर त्यात दिसतो.